अनवाणी पाहिलेली पाच घरं

पहिल्या बंगल्याच्या फाटकाशी कॉलेजातली एक पोरगी कपडे वाळत घालायचे चिमटे घेऊन बसली होती. प्रत्येक चिमट्यावर मार्करनं आकडा लिहिलेला. तिनं माझ्या दोन्ही चपला एकत्र धरून चिमटा लावला, त्याच आकड्याचा दुसरा चिमटा माझ्या पर्सच्या पट्ट्याला अडकवला आणि म्हणाली, "काकू, ४१. पाचही घरी हाच." माझ्या जाऊबाईंना ४२ मिळाला.

तिकीट काढून पाहायची पाच घरं, आणि पाचही ठिकाणी चपला बाहेर. त्यामुळे त्या दिवशी प्रत्येक घर मला डोळ्यांच्या आधी तळपायांनी कळलं.

मार्चचा दुसरा रविवार होता. नागपुरात हे दिवस अधलेमधले. पहाटे चादर ओढावी लागते आणि दुपारी पंखा पाचावर जातो. रस्त्याच्या कडेला कूलरचं गवत आणि वाळा विकणारे बसायला लागलेत, गच्च्यांवर कूलरच्या टाक्या घासल्या जातायत. अशा दिवशी नागपूरचं घर पाहावं, कारण त्याची परीक्षा पुढच्या दोन महिन्यांत असते. २३ मे २०१३ ला इथं पारा ४७.९ अंशांवर गेला होता. त्या दुपारी ज्या घरात माणूस पाठ टेकवू शकला ते चांगलं घर, असं माझं सरळ मत आहे.

हे मत काही हवेतलं नाही. मी सार्वजनिक बांधकाम विभागात तेहतीस वर्षं काढली. अनुरेखक म्हणून लागले, आरेखक म्हणून निवृत्त झाले. ट्रेसिंग पेपरवर रोटरिंगच्या पेनानं रेघा ओढल्या, चुकलेली रेघ अर्ध्या ब्लेडनं खरवडली, अमोनिया प्रिंटचा वास नाकात घेऊन घरी आले. तालुक्याच्या ठिकाणची किती क्वार्टर्स माझ्या हातून कागदावर उतरली त्याची मोजदाद नाही. पण ज्यांच्यावर चार लोकांनी बसून विचार केलाय, ज्यांच्यात एकेका कडीसाठी भांडणं झालीत, अशी घरं आतून पाहायला कधी मिळाली नव्हती. म्हणून आमच्या भागातल्या बायकांच्या मंडळानं ही सहल काढली तेव्हा पहिल्याच दिवशी दोन तिकिटं घेतली.

तिकीट ८०० रुपये. त्यात सकाळचे तर्री पोहे, दुपारचं जेवण आणि बस. चाळीस-चाळीसच्या तीन तुकड्या, म्हणजे १२० माणसं. घरमालकांनी घरं उघडून दिली, बसवाल्यानं फक्त डिझेलचे पैसे घेतले, स्वयंपाक मंडळानं केला. बाकी सगळी रक्कम एका निवाऱ्यासाठी. आपल्या नागपुरात मोठे दवाखाने आहेत, म्हणून गडचिरोली, चंद्रपूर, गोंदियापासून ते पार बालाघाट, छिंदवाडा, राजनांदगाव, आदिलाबादपर्यंतचे पेशंट इथं येतात. पेशंटला खाट मिळते. त्याच्यासोबत आलेल्याला फरशी मिळते. त्या सोबतच्यांना रात्री पाठ टेकायला जागा, आंघोळीला पाणी आणि दोन चुली, एवढंच मंडळाला बांधायचं आहे.

कल्पना माझ्या भाचीची. ती न्यूयॉर्कला असते. तिकडं किप्स बे नावाच्या मुलांच्या क्लबसाठी १९७३ पासून असं करतात म्हणे. एक मोठं घर घेतात, नामांकित इंटिरिअरवाले एकेक खोली सजवतात, लोक तिकीट काढून पाहतात आणि पैसा मुलांसाठी जातो. ब्रिटनमध्ये तर हे त्याहून जुनं. १९२७ साली तिकडं ६०९ बागा एकेका शिलिंगात लोकांना पाहायला खुल्या केल्या होत्या, आणि तो पैसा घरोघर जाऊन शुश्रूषा करणाऱ्या परिचारिकांसाठी होता. भाचीनं हे फोनवर सांगितलं तेव्हा मंडळाच्या अध्यक्षबाई माझ्या शेजारीच बसल्या होत्या. "आपल्याकडं काहून नाही होणार?" त्या म्हणाल्या, आणि वहीच काढली.

पहिलं घर सिव्हिल लाइन्समधलं. १८६१ साली मध्य प्रांत झाला आणि नागपूर राजधानी, तेव्हा इंग्रज अधिकाऱ्यांसाठी ही वस्ती आखली गेली. त्या धाटणीचा हा बंगला, तीन बाजूंनी व्हरांडा, मंगलोरी कौलं, आत सोळा फुटांवर छत. व्हरांड्यात पाय टेकला तर खाली नक्षीच्या जुन्या सिमेंटच्या फरश्या, मधल्या वाटेवर झिजून गुळगुळीत झालेल्या आणि भिंतीकडेला अजून खरखरीत. माणसं कुठून कुठं चालत आली ते फरशीवरच लिहिलेलं.

मालक सत्तरीचे, एका वास्तुविशारदाला सोबत घेऊन तीन वर्षं डागडुजी केली म्हणाले. मला त्यांचं कौतुक अशासाठी वाटलं, की त्यांनी छत खाली आणलं नाही. आजकाल जुना बंगला हाती आला की लोक आधी फॉल्स सीलिंग ठोकतात, वरचे झरोके बंद करून टाकतात. इथं झरोके दोरीनं उघडझाप होत होते. गरम हवा वर चढते आणि झरोक्यातून निघून जाते, तिच्या जागी व्हरांड्यातल्या सावलीतली हवा आत येते. एवढं साधं यंत्र, आणि त्याला बिल येत नाही. व्हरांड्याच्या कमानींवर लोखंडी कड्या होत्या, त्याही त्यांनी ठेवल्या. "आमची आई बरोबर एक वाजता वाळ्याच्या ताट्यांवर पाणी मारायची," ते सांगत होते. "वास सुटला की आम्ही पोरं शाळेतून आल्याआल्या व्हरांड्यातच आडवी." दर मेमध्ये त्या कड्यांना ते अजूनही ताट्या लावतात. फक्त पाणी मारायला आता बारीक नळी बसवलीय.

जाऊबाई काटोलच्या. माहेरचं घर मातीचं, गाईच्या शेणानं सारवलेलं. त्या त्या नक्षीच्या फरशीवर बराच वेळ बोट फिरवत बसल्या. "पाह्य न, इथं कोणी रोज बसत असंन," एका कोपऱ्याकडं बोट दाखवून म्हणाल्या. खरंच, तिथं फरशी बशीसारखी खोलगट झाली होती.

दुसरं घर रामदासपेठेत, नवव्या मजल्यावरचा फ्लॅट. सगळं करडं. भिंती, फरशी, सोफा, पडदे. फरशीला जोड कुठंच नाही, सिमेंटचाच पातळ थर ओढलेला. पायाला ती ना गार लागली ना गरम. पश्चिमेला जमिनीपासून छतापर्यंत काच, तीही न उघडणारी. जाऊबाईंनी मालकिणीला सरळ विचारलं, "कूलर कुठं लावता?" ती मुलगी प्रामाणिकपणे म्हणाली, "मावशी, कूलर लावता येत नाही. एसीच चालतो, एप्रिलपासून दिवसरात्र." बरोबर आहे. कूलर आत हवा ढकलतो, तर समोरून ती बाहेर जायला वाट पाहिजे. खिडकीच उघडत नसेल तर खोलीत नुसती दमट वाफ साचते. आपली एप्रिल-मेची हवा कोरडी आहे, गवतातून झिरपणारं पाणी त्या कोरड्या हवेत उडून जाताना ती गार करतं. हे वरदान आहे आपल्या गावाला, आणि नव्या इमारती ते घ्यायलाच तयार नाहीत. याचं मला मनापासून वाईट वाटतं.

पण त्याच घरात एक जागा होती, जिथं मी सगळ्यात जास्त वेळ थांबले. सासूबाईंचं न्हाणीघर. सासूबाई ब्याऐंशीच्या. आत शिरताना उंबरा नाही, फरशी खडबडीत, कमोडच्या बाजूला आडवा दांडा आणि बसून आंघोळ करायला भिंतीतच बाक. पलंगापासून न्हाणीपर्यंत घोट्याच्या उंचीवर बारीक दिवे, पाय खाली टेकला की आपोआप लागणारे. म्हातारं माणूस रात्री उठतं, स्विच चाचपतं आणि पडतं. कमरेचं हाड बहुतेक असंच मोडतं. ज्यानं ते दिवे तिथं बसवले त्यानं त्या आजींना रात्री दोन वाजता चालताना मनात पाहिलं असणार. मी मालकिणीला म्हटलं, "ही खोली करणाऱ्याला माझा नमस्कार सांगा." तिचे डोळे भरून आले. लोक दिवसभर त्या काचेसमोर फोटो काढत होते, न्हाणीघरात कोणी डोकावलं नव्हतं म्हणाली.

तिसऱ्या घरी जेवण होतं. काटोल रोडनं गोरेवाड्याच्या बाजूला बस वळली तेव्हा उघड्या माळावर पळस पेटलेला दिसत होता. घर विटांचं, प्लास्टर न केलेलं, एका तरुण वास्तुविशारद जोडप्यानं स्वतःसाठी बांधलेलं. आत पाय टाकला आणि मी थबकले. लाल कोबा! लाल रंग घालून घोटलेला सिमेंटचा कोबा, माझ्या माहेरी असायचा तसाच. उन्हातून आल्यावर त्यावर पाऊल ठेवलं की गारवा पोटरीपर्यंत चढतो. शेवटचा हात कितीदा फिरवायचा आणि पाणी किती दिवस मारायचं, हे माहीत असलेले गवंडी आता थोडेच उरले. त्यांनी वर्ध्याकडून एका म्हाताऱ्या मिस्त्रींना आणून तीन पोरांना शिकवून घेतलं.

ती मुलगी सगळ्यांना भिंत समजावून सांगत होती. मी तिच्या शेजारी जाऊन उभी राहिले, कारण ही भिंत मी फक्त पुस्तकातल्या आकृतीत पाहिली होती. वीट आडवी न ठेवता कडेवर उभी लावायची, दोन विटांच्या मध्ये पोकळी राहू द्यायची. रॅट ट्रॅप बाँड म्हणतात याला. वास्तुविशारद लॉरी बेकर यांनी केरळात कित्येक वर्षं अशी घरं बांधली आणि ही पद्धत भारतात रुजवली. भिंत नऊ इंचीच, पण विटा साधारण पाव हिश्शानं कमी लागतात, आणि आतली पोकळी उन्हाला अडवते, डबल भांड्यासारखी. वर छतही तसंच विचार केलेलं. स्लॅबमध्ये ताण घ्यायचं काम सळई करते, खालच्या भागातल्या काँक्रीटवर तो भार नसतो. मग तिथं काँक्रीट ओतून पैसा आणि वजन कशाला वाढवायचं? सळयांच्या चौकटींमध्ये मंगलोरी कौलं ठेवायची. खालून पाहिलं की कौलांची रांगोळी दिसते.

"काकू, तुम्ही याच क्षेत्रातल्या का?" तिनं विचारलं.

मी म्हटलं, "रेघा ओढायचे गं. भिंतीत पोकळी ठेवायची मुभा आम्हाला नव्हती."

मग ती मला घराभोवती फिरवायला घेऊन गेली. दक्षिणेला अडीच फुटांचा छज्जा, पश्चिमेला छज्जा नाहीच. तिथं जिना, न्हाणी, सामानाची खोली आणि बाहेर कडुनिंबांची रांग. याचं कारण फार लोकांना ठाऊक नसतं. नागपूर साधारण २१ अक्षांशावर आहे. मेच्या शेवटी, २६ तारखेच्या सुमारास, दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली नाहीशी होते. म्हणजे भरदुपारी मार बसतो तो छताला. दक्षिणेचं ऊन छज्जा अडवू शकतो. पण चार वाजताचं पश्चिमेचं ऊन तिरपं, डोळ्यासमोरून येतं, त्याला कितीही मोठा छज्जा पुरत नाही. त्याला झाड लागतं, व्हरांडा लागतो, नाहीतर ज्या खोलीत आपण बसत नाही ती खोली ढालीसारखी पुढं करावी लागते. मी नोकरीत असताना टाइप प्लॅन ठरलेला असायचा. जागा पूर्वेची असो की पश्चिमेची, तोच नकाशा आरशासारखा उलटा करून पाठवायचो. एका गावची बाई एकदा कार्यालयात आली होती. "साहेब, संध्याकाळी पोरं घरात बसत नाहीत," एवढंच सांगून गेली. तिची बेडरूम पश्चिमेला होती. ती रेघ माझ्या हातची होती. या गोष्टीला पंचवीस वर्षं झाली असतील, पण त्या कडुनिंबांच्या सावलीत उभी असताना तीच बाई आठवली.

जेवायला ज्वारीची भाकर, पाटवडीचा रस्सा, वांग्याचं भरीत आणि मृग बहाराच्या शेवटच्या संत्र्यांचा रस. पंगत मधल्या चौकात, लाल कोब्यावर. चाळीस माणसं मांडी घालून बसली होती आणि पंखा एकही नव्हता. वारा जाळीच्या भिंतीतून येत होता.

चौथं घर वर्धा रोडकडचं. मोठं, फार मोठं. इटालियन संगमरवर, दोन मजले उंच दिवाणखाना, घरातच सिनेमाची खोली. आम्ही साडेतीनला पोचलो आणि पश्चिमेच्या काचेतून ऊन आत ओतत होतं. संगमरवराचा तेवढा पट्टा तव्यासारखा तापला होता, लोक त्यावरून उड्या मारत जात होते. मी वर लिहिलं तेच इथंही लागू, पुन्हा लिहीत नाही.

मात्र स्वयंपाकघराच्या मागं एक दार होतं, ते उघडंच होतं. मी आत डोकावले. घरात राहून स्वयंपाक करणाऱ्या बाईंची खोली. दहा बाय बारा, पूर्वेला खिडकी, खिडकीत कूलर, वेगळं न्हाणीघर, भिंतीला आरसा आणि दाराला आतून कडी. ती आतली कडी मी हात लावून पाहिली. तेहतीस वर्षं मी मोठ्या बंगल्यांच्या मागं नोकरांच्या खोल्या काढल्या, आठ बाय दहा, टिनाचं छत, न्हाणी चार घरांत एक. आतल्या कडीचा विचार कुणी केलेला मला आठवत नाही, मीही केला नव्हता. त्या बाई ओट्याशी उभ्या होत्या. मी विचारलं, "ही खोली कोणी आखली?" त्या म्हणाल्या, "मॅडमनं मलेच विचारलं होतं, काय काय पायजे. मी म्हटलं खिडकी पायजे अन् कडी पायजे." दिवाणखान्याच्या काचेबद्दल माझं मत तेच आहे. पण जिनं हा प्रश्न विचारला त्या मालकिणीचा आदर वाटतो, आणि तो मी तिथं बोलूनही दाखवला.

शेवटचं घर महालातलं. भोसल्यांच्या काळातला वाडा. १८५३ मध्ये तिसरे रघूजी वारले आणि इंग्रजांनी राज्य खालसा केलं, त्याच्याही आधीचा, असं घरचे सांगतात. दिंडी दरवाजातून वाकून आत गेलो. पायाखाली काळ्या दगडाची फरसबंदी, दिवसभर सावलीत असलेली, विहिरीच्या पाण्यासारखी गार. चपलांना दिवसभर चिमटा लावल्याचं त्या क्षणी सार्थक झालं.

मधे चौक, चारही बाजूंनी सागवानी खांब, वर केळफुलाची नक्षी. इंटिरिअरवाला कोण, असं एका मुलीनं विचारलं तर चौऱ्याऐंशीच्या आजीबाई म्हणाल्या, "सुतार होते बाई. चांद्याहून लाकूड आलं, बैलगाडीनं. सुतार सहा वर्षं इथंच राहिले, त्यांच्यातल्या एकाचं लग्न याच चौकात झालं म्हणतात." चांदा म्हणजे आत्ताचं चंद्रपूर. त्या जंगलाचं सागवान आजही तसंच नावाजलेलं आहे, अयोध्येच्या मंदिराच्या दारांसाठी २०२३ मध्ये बल्लारशाहहून तेच गेलं. वाड्याच्या खांबांना वाळवी लागली होती. चार वर्षांपूर्वी आजींच्या नातवानं दोन खांब बदलले, बाकीच्यांना खालून दगडाच्या उथळ्या नव्यानं दिल्या. बदललेले खांब त्यानं मुद्दाम साधे ठेवलेत. नवं काय आणि जुनं काय, ते पाहणाऱ्याला कळावं म्हणून. ही गोष्ट मला फार पटली.

आजींनी आम्हा दोघींना आत नेलं, त्यांच्या खोलीत. खाट, ट्रंक, देवांची तसबीर. भिंत अडीच फूट जाड आणि खाटेच्या उशाशी भिंतीत कोनाडा. कोनाड्यात चष्मा, गोळ्यांची डबी, पाण्याचा तांब्या, नातवाचं पत्र. आजी खाटेवर आडव्या झाल्या आणि न पाहता हात मागं नेऊन चष्मा काढला. "डोळे मिटूनबी सापडते," म्हणाल्या. "लग्न होऊन आले तवापासून माझा हात हिथंच जातो."

मला तिथं बसावं लागलं.

२०१६ मध्ये हे आजारी होते. एका मोठ्या दवाखान्यात एकोणीस रात्री मी व्हरांड्यात काढल्या. शहाबादी फरशी, तिच्यावर वर्तमानपत्र, त्यावर चटई. थंडीचे दिवस होते. गारवा सहन होत होता, झोप मात्र येत नव्हती, ती एका पिशवीमुळं. पिशवीत यांची फाइल, रक्ताचे रिपोर्ट, एक्स-रेचं मोठं पाकीट, औषधांचे पैसे. शेजारच्या एका माणसाची अशीच पिशवी रात्री कोणी नेली होती आणि सकाळी तो सगळ्यांच्या पायाशी जाऊन विचारत होता, कागद तेवढे द्या हो, पैसे राहू द्या. म्हणून मी ती पिशवी उशाला घेऊन झोपायचे. एक्स-रेचं पाकीट मानेखाली कडकड वाजायचं, मी जागी व्हायचे, चाचपून पाहायचे. एकोणीस रात्री असंच. माझं घर याच शहरात होतं, तरी मी जाऊ शकत नव्हते. ज्याचं घर दोनशे किलोमीटरवर आहे त्याचं काय होत असेल, ते मी तिथं रोज पाहिलं.

जाऊबाई काही बोलल्या नाहीत. त्यांनी आजींच्या तांब्यातलं पाणी फुलपात्रात ओतून माझ्या हातात दिलं.

संध्याकाळी चौकात सगळ्या तुकड्या जमल्या. १२० तिकिटांचे ९६,००० रुपये, वरून लोकांनी डब्यात टाकलेले वेगळे. टेबलावर निवाऱ्याचा नकाशा ठेवला होता, एका अभियंत्यानं फुकट करून दिलेला. एक मोठी खोली, दोन रांगांत बारा-बारा खाटा, पलीकडं न्हाणीघरं आणि दोन चुलींची जागा. लोक येऊन पाहत होते, चांगला आहे म्हणत होते. चांगलाच आहे. पण मी खाली वाकून खाटांच्या उशाकडं पाहिलं. तिथं नुसती सरळ रेघ होती.

अध्यक्षबाईंना म्हटलं, "हा मी घरी नेऊ का? दोन दिवसांत देते." त्यांनी गुंडाळी करून माझ्या हातात दिली.

जुना ड्रॉइंग बोर्ड माळ्यावरून काढला. पश्चिमेच्या भिंतीतल्या दोन खिडक्या बंद करून न्हाणीघरं तिकडं सरकवली, खाटांच्या रांगा पूर्व-उत्तरेला आणल्या. खिडक्या समोरासमोर घेतल्या म्हणजे कूलर चालेल. भिंत रॅट ट्रॅपची करता येईल का, हे त्या काटोल रोडच्या मुलीला फोन करून विचारलं, ती स्वतः येऊन गवंड्यांना दाखवते म्हणाली. न्हाणीघरांना आणि बायकांच्या बाजूला आतून कड्या, प्रत्येक कडी मी नकाशावर वेगळी दाखवली. खाटेपासून न्हाणीपर्यंत घोट्याशी दिवे. लाल कोबा.

मग कोनाडे. नऊ इंची भिंतीत साडेचार इंच खोल कोनाडा घेता येतो, मागं अर्धी वीट उरते. जिथं कोनाडा तिथं वीट भरीव लावायची, पोकळी नाही. वर लहानसं दार, कुलपाला कोयंडा. खोली साडेचार इंच ठरली. उंची-रुंदी किती?

कपाटाच्या खालच्या कप्प्यात यांचं ते पाकीट अजून आहे. दहा वर्षं होत आली, टाकवलं नाही. बाहेर काढून फूटपट्टी लावली. आतली फिल्म चौदा बाय सतरा इंच, पाकीट त्याहून किंचित मोठं. ते उभं राहिलं पाहिजे, दुमडायला नको.

जमिनीपासून उंची कशी ठरवायची ते आजींनीच दाखवलं होतं. दिवाणावर भिंतीकडं डोकं करून आडवी झाले, डोळे मिटले आणि हात मागं नेला. जाऊबाई टेप घेऊन उभ्या होत्या. "जरा खाली घे," त्या म्हणाल्या. "तुझ्यापेक्षा बुटक्याबी बाया येतीन." हात थोडा खाली आणला. त्यांनी टेपचं टोक जमिनीला टेकवलं, बोटानं खूण धरून वाचलं, "दोन फूट एक इंच."

उठून नकाशावर लिहिलं. कोनाडा, १६ बाय १९, खोली साडेचार, तळ जमिनीपासून २ फूट १ इंच. चोवीस नग.